साखळीच्या हॉलमधला हत्ती

हत्ती ओरडला आणि पुढच्या रांगेतली मुलं रडायला लागली. एकीने टीचरच्या मांडीत तोंड खुपसलं. एकजण चपला टाकून दाराकडे पळाला. गोव्यातल्या साखळी गावी, एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या बालनाट्याची रंगीत तालीम चालू होती. मी मागे साउंड डेस्कवर होते. खरं सांगायचं तर आधी मला आनंदच झाला. आवाज जमला होता.

मी नाटक आणि नृत्यासाठी आवाज बनवते. बहुतेक वेळा वाद्य नसलेल्या वस्तूंतून. हा हत्ती तुये गावाहून आणलेल्या पाण्याच्या जाड पाइपातला. तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधायचं आणि बाजूच्या नळीतून फुंकायचं. रबर थरथरतं, पाइप घुमतो. ते रेकॉर्ड करून मी सबवूफरवर सोडलं होतं. सबवूफर म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर. त्याचा आवाज कानाआधी पोटात कळतो.

मुख्याध्यापिका शैलजाबाई तडक डेस्कपाशी आल्या.

"हो हत्ती उद्यां नाका गे, बाय. बालवाडीचीं भुरगीं येतलीं."

"आवाज कमी करते, बाई. मुलं घाबरणार नाहीत."

"कमी नाका, काढूनच टाक. नायतर नाटकच नाका."

दिग्दर्शक महेशनेही हात वर केले. "बासरी वाजव आणि मोकळी हो." बासरीवर हत्ती! मी भांडले, उपयोग झाला नाही.

बाहेर पायऱ्यांवर फुरंगटून बसले होते. सुलक्षणा भाजी-पाव घेऊन शेजारी टेकली. राखाडी कापडाखाली हत्ती होऊन नाचायची ती हीच.

"खरं सांगू? मीपण दचकते," ती म्हणाली. "आवाज माझ्यातून येतच नाही. वाटतं, माझ्यामागे अजून एक हत्ती आहे."

इतकी वर्षं हे काम करून मला हे सुचलं नव्हतं. आवाज स्पीकरमधून येतो हे मोठ्यांना ठाऊक असतं. लहान मूल मागे वळून हत्ती शोधतं.

"मग तूच ये ना वर, पाइप घेऊन," सुलक्षणा म्हणाली.

"मी? स्टेजवर?" माझं सगळं काम अंधारात चालतं. पण बासरीपेक्षा हे बरं. शैलजाबाईंना म्हटलं, "एक जरी मूल रडलं तरी मी स्वतः थांबेन." त्या नाइलाजाने हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च. मी पाइप घेऊन उजेडात आले. फुंकलं आणि रबर सरकलं. पाइपातून असा काही असभ्य आवाज निघाला की सगळा हॉल खदखदला. सुलक्षणाने हत्तीचं बूड हलवून गुन्हा कबूल केला. मुलं लोळायचीच बाकी होती. मलाही हसू आवरेना, आणि हसताना फुंकता येत नाही.

रबर घट्ट केलं. दुसऱ्या वेळी खरा हत्ती ओरडला, कालच्याइतकाच खोल. कुणी रडलं नाही. एक चिमुरडी उठली, हाताची सोंड केली आणि त्याला उत्तर दिलं. मग सगळा हॉलच हत्ती झाला. नाटक तिथेच अडलं. महेश विंगेतून "पुढे चला" म्हणून हात नाचवत होता, त्याच्याकडे कोण बघतंय!

प्रयोगानंतर शैलजाबाईंनी पाइप मागून घेतला. "पळोवया तरी," म्हणजे बघूया तरी. गाल फुगले, आवाज काही येईना. भोवतीची मुलं ओरडून शिकवू लागली. शेवटी एक बारीकसा हत्ती निघाला आणि बाई हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या.

मुलांना मोठा आवाज चालतो, फक्त तो कोण काढतंय ते दिसलं पाहिजे. तेव्हापासून बालनाट्यात मी स्टेजवरच असते, म्हणून इस्त्रीचे कपडे घालून जाते.