दहा फूट पुढे

सबूरमास्तर कशाला घाबरत नाहीत हे सांगायला फार वेळ लागत नाही. कशाला घाबरतात ते सांगायला बसलं तर मात्र अख्खी दुपार जाईल. कुत्रं, गॅसची शेगडी, मोठ्याने बोलणारा माणूस, वाजणारा फोन आणि बराच वेळ न वाजलेला फोन, या सगळ्यांना त्यांच्या लेखी सारखाच मान.

पण गाडीचं बॉनेट उघडलं की हाच स्वभाव कामाला येतो. नट सुटत नसला की इतर मेकॅनिक हातोड्याकडे हात नेतात. मास्तर नटाकडे बघत बसतात आणि स्वतःशीच म्हणतात, ‘सबूर.’ नाव त्यावरून पडलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही बोल्ट तुटलेला नाही. ‘वेळेवर दिलेली गाडीही एक नाही,’ असं शेजारचा डेंटर त्यात जोडतो. डेंटर म्हणजे पत्र्याचे पोचे काढणारा. शेड एकच, मध्ये ताडपत्रीचा पडदा. पलीकडे त्याची ठोकाठोक चालते आणि अलीकडे मास्तर प्रत्येक ठोक्याला दचकतात. इतक्या वर्षांत सवय झालेली नाही.

चष्म्याच्या दुकानाचे काका आपली गाडी मास्तरांकडे ठेवून गेले ते या भित्रेपणावर विसंबूनच. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवले आणि शेवटी त्यांच्याच उजव्या डोळ्यातला पडदा सुटला. ऑपरेशन मोठ्या शहरात, मग चार-पाच महिने लेकीकडे मुक्काम. गाडी दोन दारांची, पिवळी, बुटकी, जमिनीला पोट टेकून बसल्यासारखी. आधीच्या दोन मालकांनी यथेच्छ पळवलेली. काका मात्र तिला ‘नवी’ म्हणत. पासष्टाव्या वर्षी घेतलेली स्पोर्ट्स कार नवीच म्हणायची.

तिच्या इंजिनात पिस्टन नाहीत. अंडाकृती पोकळीत फुगीर बाजूंचा एक लोखंडी त्रिकोण गरगर फिरतो. असे एकामागे एक दोन त्रिकोण. त्यांच्या टोकांना आणि कडांना बारीक पट्ट्या असतात आणि इंजिनाचा सगळा दम त्या पट्ट्यांत असतो. एक पट्टी तुटली तरी तिचा तुकडा आतून सगळं ओरबाडत जातो. मग ते इंजिन कागद उडू नयेत म्हणून ठेवायच्या कामाचं. सुटे भाग गावात मिळायचा प्रश्नच नव्हता. तसलं दुसरं इंजिन गावात कुणी पाहिलेलंच नव्हतं.

जाताना काकांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. दर रविवारी सुरू करायची, काटा मध्यावर येईपर्यंत गरम होऊ द्यायची आणि मगच बंद करायची. गार इंजिन सुरू करून लगेच बंद करायचं नाही, काही झालं तरी. गार इंजिन पेट्रोल जास्त ओढतं. लगेच बंद केलं की न जळलेलं पेट्रोल पट्ट्यांवरचं तेल धुऊन नेतं आणि लोखंडाला लोखंड कोरडं चिकटतं.

मास्तरांनी अकरा रविवार हे व्रतासारखं पाळलं. बाराव्या आठवड्यात शेडसमोर पाण्याच्या पाइपासाठी खोदकाम सुरू झालं. पिवळं हेल्मेट घातलेला मुकादम आला आणि अशा आवाजात ओरडला की डेंटरचाही हातोडा थांबला. ही गाडी आत्ताच्या आत्ता हलवा. ढकलायला चार माणसं बोलवावीत एवढंही सुचलं नाही. ते आत बसले, किल्ली फिरवली, गाडी दहा फूट पुढे घेतली. मुकादम म्हणाला, धूर बंद करा. मास्तरांनी गाडी बंद केली.

किल्ली हातात आली तेव्हाच चूक कळली होती. तेव्हाच पुन्हा सुरू करून गरम केली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण मुकादम दिवसभर तिथेच उभा होता. रविवारी मास्तरांनी किल्ली फिरवली तर इंजिन नुसतंच कण्हलं आणि पेट्रोलचा भपकारा आला. आता प्लग काढून आत तेल सोडायला हवं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वेगळंच केलं. गाडीवर कव्हर घातलं. दिसेना, म्हणजे झालेलंच नाही. खोदताना फुटलेल्या पाइपाची ओल जमिनीतून वर येत राहिली, पाच रविवार गेले, आणि मास्तर त्या कव्हरला वळसा घालून चालायला शिकले.

सोमवारी सकाळी फोन वाजला. डॉक्टरांनी दिवसा गाडी चालवायला परवानगी दिली होती. काका शनिवारी येणार होते. स्टेशनवरून थेट शेडवर, म्हणाले, घरी नंतर.

मास्तरांनी कव्हर काढलं, किल्ली फिरवली. टक्. पुढे काही नाही. पुलीच्या बोल्टवर पाना लावून दाबलं तर भिंतीला रेटल्यासारखं. इंजिन जाम. मास्तर मडगार्डला टेकून खाली बसले.

दुपारी जेवणाचा डबा घेऊन त्यांची बायको आली. ती शिवणकाम करते आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरची उसवलेली शिवण तिला लांबूनच दिसते. तिने काय झालं ते काढून घेतलं. मास्तर म्हणाले, काकांना सांगू की आपोआप झालं. पडून राहिली की होतं असं.

“अहो, खोटं बोलायचं तर ते तुम्हाला जमायला हवं ना,” ती म्हणाली. “दूधवाल्याला ‘बायको घरी नाही’ असं सांगतानाही तुम्ही आत माझ्याकडे वळून बघता.”

पडद्यापलीकडून डेंटरने सगळं ऐकलं होतंच. त्याच्याकडे दोन उपाय होते. पहिला म्हणजे दोष खोदकामवाल्यांवर ढकलायचा. साक्षीदार म्हणून तो तयार होता. दुसरा, जीपला दोर बांधून गाडी ओढायची आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. घट्ट बसलेल्या बरणीचं झाकण उघडतं तसं खाडकन उघडेल. मास्तरांनी ते खाडकन ऐकूनच नकार दिला. त्या खाडकनमध्ये पट्ट्याही तुटल्या असत्या.

त्यांनी चारही प्लग काढले आणि भोकांतून ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल सोडलं. ते पातळ असतं, फटीत झिरपतं. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि मागे उभं राहून नुसत्या अंगाच्या भाराने हलकेच झुलवली. अर्धं बोट पुढे, अर्धं बोट मागे. बायको दुसऱ्या बाजूला. सोमवारी काही नाही. मंगळवारी पुन्हा तेल, पुन्हा झुलवणं, काही नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ओळखीच्याने बाळ झोपलं का विचारलं. मास्तरांना हसूही आलं नाही. रोज सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा काकांचा चेहरा दिसायचा, आणि त्या चेहऱ्यावर राग नसायचा. तेच जास्त वाईट होतं.

बुधवारी ते लाल तेलाचा दुसरा डबा आणायला गेले. परत आले तर डेंटर बॉनेटखाली वाकलेला. पान्याला हातभर लांब पाइप अडकवलेला, आणि पाना उलट्या बाजूने लावलेला. या इंजिनात पुलीचा हा पुढचा बोल्ट उलटा फिरवून ढिला झाला तर त्याच्यामागची बेअरिंग आतल्या आत खाली सरकते आणि पुन्हा आवळताना चिरडते. इंजिन सुटलं तरी संपलं.

“हात काढ!” मास्तर ओरडले.

सबूरमास्तरांचा तो आवाज कुणी ऐकलेला नव्हता. मास्तरांनीही नाही. डेंटरने पाना तापलेला असावा तसा सोडला. मग ओशाळून म्हणाला, “अरे, मदतच करत होतो. तुझं तोंड बघवत नाही तीन दिवस.”

बोल्ट हलला नव्हता. मास्तरांनी तो बोटाने, मग भिंग घेऊन, मग बायकोला बोलावून तिच्या डोळ्यांनी तपासला. त्या दिवसापासून डेंटरही झुलवायला आला. त्याचं वजन जास्त, त्यामुळे त्याला मधोमध उभं केलं आणि ढकलायची मनाई केली, फक्त टेकायचं.

गुरुवार संपला. शुक्रवारी दुपारी तिघं टेकलेले असताना गाडी अर्ध्या बोटाऐवजी एक बोट गेली. पुन्हा टेकले. दोन बोटं. मास्तर पुढे धावले, पाना सुलट बाजूने लावला आणि दाबला. आत काहीतरी ओलसर सुटलं आणि पुली फिरली.

डेंटर नाचायलाच लागला. मास्तर नाही. त्यांनी आतलं तेल बाहेर काढलं, बॅटरी जोडली, प्लगच्या भोकांना कान लावला आणि बायकोला किल्ली फिरवायला सांगितलं. असं इंजिन फिरतं तेव्हा प्रत्येक त्रिकोणाच्या तीन बाजूंचे तीन फुसकारे ऐकू येतात, सारखे. पुढच्याचे आले: फुस्, फुस्, फुस्. मागच्याचे दोनच आले. तिसऱ्याच्या जागी नुसता उसासा. एक पट्टी अजून चिकटलेली होती.

डेंटर म्हणाला, सुरू होईल ना? होईल, मास्तर म्हणाले. पळेल ना? पळेल. काकांना कळेल? दोनेक महिने नाही कळणार. मग झालं तर, डेंटर म्हणाला, आणि हात पुसत पलीकडे गेला. बायकोने फक्त किल्ली काढून मास्तरांच्या हातात दिली.

शनिवारी काका टॅक्सीतून उतरले. काळा चष्मा, हातात लहान बॅग. गाडीभोवती एक फेरी मारली, छतावर हात फिरवला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. किल्ली मुठीतच राहिली.

“काका, जाम झाली होती. काल सुटली. पण मागच्या बाजूची एक पट्टी अडकलीय.”

“कशाने?”

“मी हलवली. दहा फूट. गार होती. लगेच बंद केली.”

“मी तीनदा सांगितलं होतं.”

“हो.”

“मग?”

“तो माणूस ओरडत होता,” मास्तर म्हणाले. स्वतःच्याच कानांना ते सात वर्षांच्या पोरासारखं वाटलं.

काकांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला. मग त्यांनी ऐकवायला सांगितलं. मास्तरांनी प्लग काढले, बायकोने आत बसून किल्ली फिरवली. काकांनी वाकून कान लावला आणि बोटांवर मोजलं. तिसरं बोट तसंच वर राहिलं.

आज चालवली तर काय होईल, त्यांनी विचारलं. पट्टी सुटेलही, तुटेलही, मास्तरांनी सांगितलं. मला माहीत नाही. उघडून नीट करता येईल? करता यायला हवं. असलं इंजिन याआधी उघडलंय? नाही.

“मला राग आलाय, मास्तर,” काका म्हणाले. “तो आज जाणार नाही. पण दुसऱ्या कुणाकडे नेली तर तिथला माणूस चूक झाली तरी मला सांगणारही नाही.” त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि गाडीसमोर बसले. “उघडा. माझ्यासमोर. माझी नजर अजून बारीक वस्तूंवर ठरत नाही, तेव्हा काय काढताय ते बोलत जा.”

कुणी बघत असलं की मास्तरांना साधा स्क्रू सापडत नाही, हे सगळ्या रस्त्याला माहीत आहे. त्यांनी जमिनीवर धुतलेली चादर अंथरली. पहिला पाना दोनदा निसटला. बॅटरीची तार काढली, म्हणाले. हवेचा फिल्टर काढतोय. हा पाइप कुठला ते आधी बघतो, मग सांगतो. काका मान हलवत होते, डेंटरने आपली ठोकाठोक बंद ठेवली होती, आणि मास्तर पहिल्याइतकेच घाबरलेले होते. फक्त आता ते घाबरणं मोठ्याने सांगावं लागत होतं, एकेका बोल्टाबरोबर.