जगनचा राक्षस कोणी उठवला

धसईच्या जगनने नोकरीभर, पहिलं पाणी अडवलं तेव्हापासून, साहेबांच्या इशाऱ्यावर एका लहान धरणाचे दरवाजे वर-खाली केले. त्या काळात त्याला एकच नाद लागला, आणि तोही गावाला न पटणारा: राक्षसी जनावरांच्या सिनेमांचा. समुद्रातून डोंगराएवढं काहीतरी उठतं, शहर तुडवतं, रणगाडे भिरकावतं. लोकांना त्यात मारामारी दिसे. जगनला दिसे ते असं, की ज्या देशावर अणुबॉम्ब पडले त्याने आपलं दुखणं रबरी कातडं पांघरून पडद्यावर आणलं. हे समजावायला तो दर दहा मिनिटांनी सिनेमा थांबवी. निवृत्तीनंतर त्याने प्रोजेक्टर घेतला आणि तीन वर्षं गणपतीत सिनेमे दाखवले. तिसऱ्या वर्षी शेवटपर्यंत फक्त मांडववाला बसला, कारण पडदा त्याचा होता.

बायको अनिता म्हणाली, "मशीन शाळेला देऊन टाका. पोरांना पाढे तरी दिसतील."

जगनने मुदत मागितली. दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारसेसाठी वरच्या वाडीतल्या जैतूचं बोलावणं आलं होतं. तिथूनही लोक उठून गेले, तर मशीन शाळेत.

वाघबारसेला वाडी शिवेवरच्या वाघदेवाला मान देते आणि तो वर्षभर गुरांकडे बघत नाही. करार तोंडी आहे. वाडीच्या अनुभवात लेखी करारांपेक्षा जास्त पाळला गेलेला.

नैवेद्य झाला, दिवस मावळला आणि समाजमंदिराच्या भिंतीवर सिनेमा लागला. काही बोलायचं नाही, असं जगनने ठरवलं होतं. समुद्रात बॉम्बची चाचणी झाली, पाणी उकळलं, राक्षस उठला. जैतूच्या म्हाताऱ्या आईने, जिवलीने, हात वर केला.

"थांबव रे जरा."

जगनने सिनेमा थांबवला.

"याचा मान कोनी चुकवला?"

"हा देव नाय गो आये," जगन म्हणाला. "राक्षस हाय."

"डोंगरायेवढा हाय, आपली हद्द सोडून आलाय, नि देव नाय? बॉम कुठं फोडला?"

"समुद्रात. लढाईसाठी करून बघत व्हते."

"त्याला इचारलं व्हतं?"

"नसंल."

"मग तो काय घरात बसंल?" मागून नवसू म्हणाला. वाडी हसली.

जगनला राहवलं नाही. त्याने युद्ध सांगितलं, विषारी राख सांगितली, माणसाचा माज सांगितला. कोणी उठलं नाही. जिवलीने सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर हाय तुझं," ती म्हणाली. "पन तू धरणावर व्हतास ना? त्या पान्यात शिवेच्या देवाचं जुनं ठाणं गेलं. तवा तुमी काय दिलं?"

"नारळ फोडला व्हता. सायबांनी."

"एक?"

"एकच."

कोणी हसलं नाही. आजवर प्रत्येक सिनेमात जगन त्या शास्त्रज्ञाच्या बाजूला असे, जो सुरुवातीलाच धोका सांगतो आणि ज्याचं कोणी ऐकत नाही. आपण दुसऱ्या बाजूलाही असू शकतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पुढं काय व्हतं?" जैतूने विचारलं.

"सैन्य येतं. तोफा डागतात."

"त्ये नको," जिवली म्हणाली. "मागं घे. बॉम फोडायच्या आदी कोन नको म्हनत व्हता का, बघू."

जगनने मागे घेतलं. भिंतीवर अधिकारी ओळीने उभे राहिले. वाडीने एकेकाचं तोंड निरखलं.

"हा नाय म्हनत."

"हा पन नाय. हा तर हसतोय."

"परत लाव."

तिसऱ्या वेळी जगनला ओळीच्या मागे एक माणूस दिसला. टोपी, साधा गणवेश, हात खटक्यावर. साहेबाने मान हलवली की तो खटका ओढायचा आणि पडद्याबाहेर जायचा. त्याला एकही वाक्य नव्हतं. जगनने हा सिनेमा चाळीसेक वेळा पाहिला होता.

"आये," तो म्हणाला, "अजून एकदा लावू?"

"लाव की," जिवली म्हणाली आणि मांडी घालून नीट बसली.