लाडकी भोये आणि बोईसरची आठमाळी

बोईसर स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्याला ‘रत्नदीप चेंबर्स’ म्हणा, तो तोंडाकडे बघत राहील. ‘आठमाळी’ म्हणा, लगेच ‘बसा’ म्हणेल. कारखान्यांची वसाहत जोरात वाढत होती त्या काळातली ही कचेऱ्यांची उंच इमारत. वकील, कर-सल्लागार, मजूर पुरवणाऱ्या एजन्सी, दातांचा डॉक्टर, सगळे एका छपराखाली. पण समुद्राचा खारा वारा काँक्रीटला सोडत नाही. आतल्या सळया गंजून फुगल्या, गिलाव्याचे पोपडे रस्त्यावर पडू लागले, लिफ्ट बंद पडली ती पडलीच. वरचे माळे रिकामे झाले आणि तिथं पारव्यांनी संसार थाटले.

या इमारतीत लाडकी भोये पहिल्यांदा शिरली ती दारातून नव्हे. बाहेर बांधलेल्या बांबूच्या परांचीवरून, चौथ्या माळ्याच्या खिडकीतून. दुरुस्तीच्या ठेकेदाराने गंजलेले खांब फोडायला तिची टोळी आणली होती.

लाडकी जव्हारकडच्या डोंगरातली. उतारावरच्या वरकस जमिनीच्या तुकड्यावर नागली, वरई, खालच्या अंगाला थोडं भात. भात झोडून झालं की नवरा भिका आणि ती वसई-विरारकडे बांधकामावर जायची. दोन्ही पोरं प्लॅस्टिकच्या पालात वाढली. टॉवर उभा राहिला की पाल उठायचं, आणि जिथं डोक्यावरून घमेली वाहिली त्या फाटकातून वॉचमन पुन्हा आत सोडायचा नाही. पुढे भिकाची कंबर धरली, तो शेताकडे राहिला, आणि लाडकी पाड्यावरची बायामाणसं गोळा करून स्वतः मुकादम झाली.

दुरुस्तीच्या कामात तिचा जीव रमला. नव्या कामात नुसती ओझी वाहायची. जुन्या इमारतीत मात्र हातोडीने ठोकत जायचं, कुठं बद्द आवाज येतो ते ऐकायचं, सडलेलं तेवढं काढायचं, चांगल्याला धक्का लावायचा नाही. भिकाला ती म्हणायची, हे आपल्या घराच्या कुडाच्या भिंतीसारखंच हाय. कारवीच्या चार काठ्या कुजल्या म्हणून कोणी अख्खा कूड मोडत नाही.

आठमाळीच्या मालकांत मात्र यावरूनच दोन तट होते. तळमजल्यावर स्टेशनरीचं दुकान चालवणारे प्रतापभाई म्हणत, पाडून टाका, बिल्डर नवा टॉवर देतोय. वरच्या गाळेवाल्यांना आपली जागा सोडायची नव्हती. सफाळ्याच्या तेजल सावे या इंजिनिअर मुलीने इमारत तपासली आणि सांगितलं, सांगाडा दमदार आहे, वेळेवर दुरुस्त केला तर आणखी एक पिढी सहज काढेल. थोडक्या मतांनी दुरुस्ती ठरली. आणि निम्मं काम झाल्यावर पावसाळा आला. ठेकेदाराला शहरात मोठं काम मिळालं. दिवाळीनंतर येतो म्हणून तो गेला आणि मग फोनच उचलेना.

दिवाळीनंतर लाडकी घरावर घालायचे पत्रे बघायला सुलूबरोबर बोईसरला आली. सुलू तिच्या टोळीतली, तिच्याच पाड्यावरची. दोघी आठमाळीसमोर थबकल्या. हिरवी जाळी फाटून लोंबत होती. तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केलेल्या सळया पुन्हा तांबड्या झाल्या होत्या.  पत्र्यांचं राहिलं बाजूला, लाडकी तडक जिना चढून तेजलला कामासाठी दिलेल्या खोलीत गेली.

तेजल नकाशे गुंडाळत होती. तिने सांगितलं, की रविवारी मालकांची सभा आहे, आता टॉवरच मंजूर होणार. लोक तिलाच दोष देत होते.

 लाडकीने विचारलं, “त्या सभेत मला बोलू देतील का, बाय?”

रविवारी सहाव्या माळ्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये सभा भरली. तेजलने लाडकीला पुढे आणलं तेव्हा खुर्च्यांत कुजबुज झाली. लाडकीने पदर कमरेला खोचला.

“ठेकेदार गेला,” ती म्हणाली. “पण तो काय खांब बांधत होता? तो खाली उभा राहायचा. काम आमी करत होतो, बघत होती ही तेजलबाय. ती हाय, आमी हाय. मग अडलं काय?”

प्रतापभाईंनी विचारलं, की उद्या तुम्हीही अर्ध्यावर सोडून गेलात तर कुठं शोधायचं?

“मी पळून कुठं जाणार, प्रतापभाई? आमच्या पाड्यापुढं रस्ताच नाय.”

हॉलमध्ये हसू फुटलं. प्रतापभाईही हसले. ती संधी साधून लाडकीने आपली अट सांगितली. टोळी रस्त्याकडेला पालात राहणार नाही. सातवा माळा रिकामा आहे, काम संपेपर्यंत तिथं राहायची सोय हवी, पाण्याचा नळ चालू हवा आणि बायकांना संडासाची किल्ली हवी. आयुष्यात पहिल्यांदाच ती कामाच्या जागी काहीतरी मागत होती. सभेने बराच वेळ घोळ घातला. शेवटी ठरलं असं: आधी एक खांब करून दाखवा. तो कसोटीला उतरला तर पुढचं काम तुमचं.

सगळ्यांत वाईट खांब होता नेमका प्रतापभाईंच्या दुकानात. दुकान बंद ठेवावं लागेल म्हणून त्यांनी ठेकेदाराला आत पाऊलही टाकू दिलं नव्हतं. आता सभेपुढे त्यांना नाही म्हणता येईना.

तिकडे पाड्यावर निम्मी माणसं वीटभट्टीवर निघायच्या तयारीत होती. लाडकी घरोघर फिरली. आत राहायची खोली, नळ, संडास, हे ऐकून म्हाताऱ्या येसूबाईने आपल्या दोन्ही सुनांना स्वतः गाठोडी बांधून दिली. देवू नावाचा येसूबाईचा पुतण्या तेवढा म्हणत राहिला, की मुकादमिणीचं डोकं फिरलंय. पण आला तोही.

दुकानात त्यांनी ताडपत्रीचा पडदा बांधला. सुलूने वह्यांचे गठ्ठे, रंगपेट्या, फायली अशा हलवल्या की प्रतापभाईंना हवी ती वस्तू जागच्या जागी सापडे. पडद्याच्या एका बाजूला गिऱ्हाईक, दुसऱ्या बाजूला काम. छताला टेकू देऊन खांब फोडला, गंज खरवडला, नव्या सळया बांधल्या, काँक्रीट ओतलं. साचा उघडला तर खालच्या अंगाला तेजलच्या हातोडीला बद्द आवाज आला. थोडीच जागा होती, पण तिने नकारार्थी मान हलवली. देवू चिडला, रंगाखाली कोणाला दिसणार म्हणाला.

“फोड,” लाडकी म्हणाली.

तेवढा भाग फोडून त्यांनी पुन्हा भरला. या वेळी साचा उघडला तेव्हा तेजलने वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिलं. मग तिने हातोडी प्रतापभाईंच्या हातात दिली. त्यांनी ठोकलं. खणखणीत. ते खांबावर हात ठेवून म्हणाले, “लाडकीबेन, माझा मुलगा याच दुकानात बसणार. मला टॉवर नको.”

मग आठमाळीने मागे वळून पाहिलं नाही. माळ्यामागून माळा खाली उतरत टोळी खांब, तुळया, सज्जे भरत गेली. गच्चीची गळती थांबली, पारव्यांची हकालपट्टी झाली, मोठ्या काचेच्या खिडक्या बसल्या, नवी वायरिंग आली. पावसाच्या तोंडावर परांची सुटली तेव्हा रिक्षावाले स्टँड सोडून बघायला आले. वरचे माळे रंग वाळायच्या आत भाड्याने गेले.

पुढच्या दिवाळीनंतर नव्या लिफ्टची पूजा ठेवली त्या दिवशी लाडकी बोईसरमध्ये नव्हती. पालघर स्टेशनजवळच्या एका जुन्या कचेरी-इमारतीच्या मालकांनी आठमाळी येऊन पाहिली होती आणि तिला थेट बोलावलं होतं. यंदा तिच्या पाड्यावरून एकही माणूस भट्टीवर गेलं नव्हतं. गुरुजी मुहूर्ताची आठवण करून देत होते, पण प्रतापभाईंनी पूजा थांबवली आणि ते स्वतः गाडी घेऊन पालघरला गेले. लाडकीने आतून निरोप पाठवला, ओतकाम चालू हाय, खांब भरला की येते. प्रतापभाई एक खुर्ची मागून घेऊन तिथंच रस्त्यावर बसून राहिले.

टोळी आली तेव्हा सगळ्यांचे पाय सिमेंटने पांढरे होते. नारळ लाडकीने फोडला. मग तिनेच बटण दाबलं आणि बायका आठव्या माळ्यावर पोचल्या. पश्चिमेला कारखान्यांच्या चिमण्या आणि त्यांच्यापलीकडे तारापूरचा समुद्र, पूर्वेला निळे डोंगर. आपला पाडा कुठल्या डोंगराआड असेल यावरून त्यांचा वाद लागला.  काचेवर तळवा टेकून लाडकी डोळे भरून बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या आवरेना.

खाली आल्यावर सुलू म्हणाली, आणखी एकदा. मग आणखी एकदा. प्रतापभाई दरवाजा धरून उभे राहिले. त्या दुपारी आठमाळीतले वकील, डॉक्टर आणि कर-सल्लागार जिन्याने चढून आपापल्या कचेरीत गेले, आणि लिफ्टमधून बायकांच्या हसण्याचा आवाज वर-खाली होत राहिला.