शेजारणीच्या स्कूटीवर राणी

रिटायर झाल्यावर महिनाभरातच मी घरात सगळ्यांना नकोशी झाले. सगळे म्हणजे हे एकटेच. ऑफिसात आयुष्यभर लोकांच्या मागे लागायची सवय, ती आता यांच्यावर निघायची. शेवटी यांनीच चरोद्याला माझ्या मोठ्या बहिणीला फोन केला, "ताई, इले काहीतरी कामाले लावा हो!"

ताई रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती. आता ती घरामागं शेवग्याखाली मधमाशांच्या पेट्या ठेवते. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती आमच्या नेहरू नगरच्या घरासमोर ऑटोतून उतरली, दोन्ही हातांत कापडात बांधलेली पेटी घेऊन. ऑटोवाला भाडं न मोजताच पळाला.

"सातेरी माश्या आहे. गरीब जात," ताई म्हणाली.

"चावत नाही ना?" यांनी दारातूनच विचारलं.

"चावते ना! तिच्या घरात हात घालान तर काय आरती ओवाळन?"

पेटी मागच्या अंगणात पेरूखाली ठेवली. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पहिले धडे ताईनं समोर उभं राहून दिले, पुढचे फोनवरून. पेटीतली पोळ्याची चौकट सरळ वर उचल. माश्यांवर श्वास सोडू नको. वासाचं तेल लावून जाऊ नको. हे शेवटचं मी विसरले आणि चमेलीचं तेल लावून पेटी उघडली. नाकाच्या शेंड्यावर एकीनं असा काही प्रसाद दिला, की दुसऱ्या दिवशी विहारात वंदनेला बसले तेव्हा समोरच्या बायका डोळे मिटायच्याऐवजी माझ्याकडेच बघत होत्या.

तरी मला गोडी लागली. चौकट उन्हात धरली की घराघरांत पांढऱ्या अळ्या दिसायच्या आणि मला उगाच आपणच काही केल्यासारखं वाटायचं. हे मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीआडून पुढे सरकायचे नाहीत.

फाल्गुनात एका सकाळी अंगणात पंखा सुरू झाल्यासारखा आवाज आला. धावत गेले तर पेटीतून माश्यांचे लोटच्या लोट बाहेर पडत होते. पेरूवर दोन घिरट्या, मग भिंतीवरून शेजारी. शेजारची पोरगी कोचिंग क्लासला गणित शिकवते. ती नुकतीच हेल्मेट घालून निघत होती. माश्या तिच्या स्कूटीच्या हँडलला लोंबल्या, घोसच्या घोस.

"आंटी, मेरी क्लास है!" ती हेल्मेटची काच पाडून ओरडली.

मी ताईला फोन लावला.

"चौकटीखाली भुईमुगाच्या शेंगेसारखं काही लटकून राहिलं होतं का?"

"हाव. मस्त दिसत होतं, म्हणून हातच नाही लावला."

"मस्त! बाई, ते नव्या राणीचं घर व्हय. नवी येऊन राहिली म्हणून जुनी आपली फौज घेऊन निघाली. आता पानी शिंपड अन् टोपली पालथी धर वरून. खालून जरासा धूर दे, त्या अंधाराकडे चढते."

टोपली धरायची कोणी? मला खालून धूर द्यायचा होता. मी यांच्याकडे बघितलं. यांनी डोक्यावरून माझी जुनी नायलॉनची साडी घेतली, पूर्ण बाह्यांचा स्वेटर चढवला आणि नवरीसारखे हळूहळू चालत आले. टोपली धरली आणि डोळे घट्ट मिटले.

"गेल्या का?"

"अजून नाही. हलू नका."

"मी कुठं हलून राहिलो? टोपलीच हलून राहिली."

पोरगी हसता हसता खाली पायरीवर बसली. तिनं क्लासला फोन केला, "बच्चों को बोलो, स्कूटी पर रानी बैठी है।" पलीकडच्यांना काय समजलं कोण जाणे!

माश्या मात्र खरंच चढू लागल्या. आधी थोड्या, मग सगळा घोस सरकत टोपलीत गेला. ताईनं मागाहून आणून ठेवलेली एक रिकामी पेटी होती. तिच्यात जुन्या पेटीतली अळ्यांची एक चौकट ठेवली आणि टोपली हलकेच झटकली. सांजेपर्यंत नव्या दारातून ये-जा सुरू झाली. यांना एकही माशी चावली नव्हती. मला दोन.

स्कूटीवर चार-दोन माश्या घुटमळतच होत्या, म्हणून पोरगी त्या दिवशी यांच्या मोटरसायकलवर क्लासला गेली होती. परतल्यावर तिनं स्कूटी सगळीकडून तपासली, मग भिंतीशी येऊन विचारलं, "अंकल, आप को डर नहीं लगा?"

"त्यात काय घाबरायचं! गरीब जात आहे," हे म्हणाले.

तेव्हापासून नवी पेटी यांची. रोज चहाच्या आधी हे तिच्यासमोर स्टूल टाकून बसतात आणि कोण केवढा पराग घेऊन आली ते मला ओरडून सांगतात. परवा मी माझी पेटी उघडली तर मागून आवाज आला, "श्वास तिकडे सोड."