मोहाचा वास

चंद्रपुरात माझा सत्कार झाला. आईबापांकडून बाळात उतरणाऱ्या चयापचयाच्या आजारांवर तीस वर्षं काम केल्याबद्दल शाल, श्रीफळ आणि नाव चुकवलेलं मानचिन्ह. प्रमुख पाहुण्यांनी माझा विषय पचनाचा समजून सभागृहाला ताक पिण्याचा सल्ला दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी अहेरीकडे निघाली. तिकडच्या गिरजाबाई नावाच्या सुईणीने नर्सकरवी निरोप धाडला होता : बाळाच्या लंगोटाला गोड वास येतो. असा एक आजार आहे. आईच्या दुधातले काही घटक बाळाला मोडता येत नाहीत, ते विषासारखे साठत जातात. पुस्तकात त्याला जळक्या साखरेचा वास म्हणतात. मी तो बहुतेक पुस्तकातच घेतला होता.

आष्टीच्या अलीकडे, वैनगंगेच्या पुलाच्या तोंडाशी लोहखनिजाचा ट्रक आडवा झालेला. तीन तास गेले.

गावात अंगणोअंगणी मोहफुलं वाळत होती. हातात जावा (पातळ पेज) देऊन मला बसवलं. लंगोट नाकाशी धरला, काही कळेना. अख्ख्या गावालाच गोड, आंबूस वास.

"मोहाचाच हाये तो," बाळाची आजी म्हणाली. "चैतात साऱ्याईलेच येते."

"पयलं लेकरू पावसाळ्यात झालं, दुसरं पुसात," गिरजाबाई म्हणाली. "तवा तुह्या अंगणात मोह होता का?"

आजीने माझ्या हातातला लंगोट काढून घेतला. या बाळाच्या आधीची ती दोन्ही भावंडं दहाव्या दिवसाच्या आत गेली होती. हे आठ दिवसांचं. रक्ताच्या थेंबांसाठी टाच टोचली, तर रडलं नाही.

"दूध थांबवा. मोठ्या दवाखान्यात आत्ताच निघू."

"दूध तोडलं तं लेकरू वाचन का, बाई?" त्याच्या आईने, सुनीताने, विचारलं.

"सांगता येत नाही."

ती उठली. बाळाला माझ्या शालीत गुंडाळलं. आजवर मिळालेल्या शालींपैकी ही पहिलीच कामाला आली.

पूल दिसू लागला तेव्हा सोबत आलेल्या गिरजाबाईने शालीत हात घातला, मग ड्रायव्हरच्या खांद्यावर ठेवला. "वळवा, भाऊ. घरी चाला."

मी माझ्या घरी परतल्यावर काही दिवसांनी रक्ताचा अहवाल आला. मी फोन करून सांगितलं, तुमचं बरोबर होतं.

"पयल्याच वेळी सांगतलं होतं," गिरजाबाई म्हणाली. "हसून राह्यले होते सारे. लिहून नाई घेतलं कोनी."

मी लिहून घेतलं. तीन बाळं, तीन ऋतू, एकच वास. तीस वर्षांत इतकी स्वच्छ नोंद माझ्या हातून झालेली नाही. नोंदीच्या फॉर्ममध्ये बाळाच्या नावाचा रकाना असतो. तिघांचीही बारशी झाली नव्हती. तिन्ही ठिकाणी मी सुनीताचं नाव घातलं.