मेंढरंवाल्याची लेक घरं विकते

मी घाटनांदूर सोडलं त्या सकाळी माझी एसटी आमच्याच मेंढरांनी अडवली. गाडी अंबाजोगाईच्या रस्त्याला लागते न लागते तोच समोर काळ्या-पांढऱ्या पाठींचा लोंढा आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, कंडक्टर दारातून डोकं काढून ओरडत होता, आणि कळपामागून आबा, म्हणजे माझे वडील, काठी मानेवर आडवी टाकून असे निवांत चालले होते की रस्ता जणू त्यांच्याच नावावर आहे. मी गाडीत आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका आरोळीत त्यांना कळप बाजूला घेता आला असता. घेतला नाही. शेवटचं लंगडं कोकरू पलीकडे गेलं तेव्हा ते कडेला उभे राहिले, पण खिडकीकडे बघितलं नाही. मीही हात हलवला नाही. आमच्या घरात रुसायची हीच रीत आहे.

राग माझ्या नोकरीचा होता. अंबाजोगाईला बी.ए. झाल्यावर मी बीडला स्पर्धा परीक्षांचा क्लास लावला होता, कारण आमच्याकडे पोरगी शिकली की तिनं साहेब व्हायचं असतं. आणखीही काही होता येतं हे कुणी सांगतच नाही. परीक्षा येत गेल्या, निकाल लागत गेले, माझं नाव काही लागलं नाही. शेवटी मी पुस्तकं बांधून ठेवली आणि पुण्यात एका बिल्डरच्या साइट ऑफिसात काम धरलं. आलेल्या लोकांना फ्लॅट दाखवायचे, एवढंच.

"म्हंजी दलालच की," आबा म्हणाले.

"एजंट म्हणतात, आबा."

"काय बी म्हनू दे. बाजारात लई बघितलेत मी."

आबांचा जन्म मेंढरांच्या बाजारात दलालांना शिव्या देण्यात गेला. जनावर आपण वाढवायचं, पावसापाण्यात आपण राखायचं, आणि सावलीत बसलेल्या माणसानं मधल्या मधे भाव पाडायचा. त्या माणसाच्या पंगतीला आपली लेक बसणार हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. मला त्यांचं दुःख कळत होतं. पण त्यासाठी मी आणखी चार वर्षं बीडच्या खोलीत सामान्य ज्ञान घोकत बसायचं, हे मला मान्य नव्हतं. मी निघाले.

पुण्यात पहिल्यांदा काय शिकले सांगू? सॅम्पल फ्लॅटमधला पलंग नेहमीच्या पलंगापेक्षा आखूड असतो. खोली मोठी दिसावी म्हणून तसा मुद्दाम करून घेतात. उंच माणूस त्यावर झोपला तर पाय बाहेर येतील, पण फ्लॅट बघायला आलेलं कुणी झोपून बघत नाही. दुसरी गोष्ट शिकले ती भाषेची. माझ्या वरच्या मॅडम रोज सकाळी टोकायच्या, "मनीषा, हाय नाही, आहे. लई नाही, खूप." मी आरशासमोर उभी राहून "आहे, आहे" करायचे. संध्याकाळपर्यंत तोंड दुखायचं.

एकदा केजकडचं एक जोडपं आलं. तो अँब्युलन्सवर ड्रायव्हर, ती कुठल्याशा दवाखान्यात आया. बेडरूममध्ये आल्यावर ती नवऱ्याच्या कानात कुजबुजली, "लई बारकं हाय ओ." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पलंग बी बारका हाय ताई. घरचा पलंग टाकला की अजून बारकं दिसंल. टेप घ्या अन् मोजून बघा."

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला. जोडप्यानं मोजलं, हसले आणि निघून गेले. मला वाटलं, गेली आपली नोकरी. पण महिन्याभरानं ती दोघं परत आली ती मलाच शोधत. त्यांना दुसरीकडे घर बघायचं होतं आणि सोबत मी हवी होते. त्यांच्यामागून त्यांचा मेव्हणा आला, मग अंबाजोगाईला शिकलेली एक नर्स आली, मग सोसायट्यांचे वॉचमन, टेम्पोवाले. पुण्यात आपल्या जिल्ह्याची किती माणसं आहेत, आणि घर घेताना ती किती घाबरलेली असतात, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी आरशासमोरची प्रॅक्टिस बंद केली. ज्यांना माझं "हाय" चालत नाही त्यांनी दुसरीकडे घर बघावं.

बिल्डरची नोकरी सोडून मी स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं. त्यासाठी रेरा कायद्याप्रमाणे ट्रेनिंग घ्यावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, आणि मग आपल्या नावाचा नोंदणी नंबर मिळतो. तो नंबर नसेल तर कुणाचं घर विकता येत नाही. बीडला जन्म गेला तरी जी पास झाले नाही, ती ही परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले. मी घरी फोन लावला. माय म्हणाली, "मंग आता सायब झालीस का?" मागून आबांचा आवाज आला, "परीक्षा देऊन बी दलालच?" मला हसू आलं आणि रडूही. फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी नंबरासकट कार्डं छापायला टाकली.

गावात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही पाठीमागे काय बोलत होता ते सगळं माझ्या कानावर यायचं. ती म्हणे लोकांना रिकाम्या खोल्या दाखवत फिरते. तिला म्हणे रात्रंदिवस परक्या माणसांचे फोन येतात. खरंच येतात की! फोन आले नाहीत तर मी खाऊ काय? आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपण निघालो की आपल्याबद्दल बोलायचा हक्क मागे राहिलेल्या सगळ्यांना आपोआप मिळतो.

आणि अचानक गावाला माझा अभिमान वाटू लागला. झालं असं, की नानांचा फोन आला. नाना आमच्या भागातले बडे जमीनदार, पुढारी. निवडणूक असो की बारसं, त्यांच्याशिवाय पान हलत नाही. "आपल्या भागाचं नाव काढलंस पोरी," म्हणाले. "तुजा सत्कार ठेवलाय. ये." खोटं कशाला बोलू, मी हरखून गेले. नवी साडी घेतली. आबांसाठी फेटा घेतला.

चौकात उतरले तर समोर हा एवढा मोठा बॅनर. त्यावर हात जोडलेले नाना आणि त्यांच्या शेजारी माझा फोटो, माझ्या व्हॉट्सॲपवरून उचललेला. खाली 'गावची लेक, पुण्याची सुप्रसिद्ध एजंट', आणि त्याखाली माझा नोंदणी नंबर. सगळ्यात खाली, अंबाजोगाई रोडला टच भव्य प्लॉटिंग, बुकिंग सुरू. मला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

सत्कार त्या प्लॉटिंगवरच होता. सोयाबीन काढलेल्या रानात चुन्याच्या रेघा मारलेल्या, मधे मांडव, खुर्च्या. आबा नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते, नानांच्या बरोबरीनं. आयुष्यात पहिल्यांदा. इतकं ताठ बसलेलं मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं, आणि त्यामुळेच पुढचं बोलणं मला जड गेलं. शाल-नारळ झाल्यावर मी नानांना बाजूला घेतलं आणि या प्लॉटिंगचा नोंदणी नंबर विचारला.

"तुजा टाकलाय की बोर्डावर."

"तो माझा झाला, नाना. प्लॉटिंगचा निराळा लागतो. त्याची नोंदणी झाल्याबिगर मला यातला एक प्लॉट बी विकता येत न्हाई."

"हुईल की नंतर. कावून घाबरती? लोकं तुला बघून पैशे टाकतेत, कागदाला बघून न्हाई."

मला खरी भीती वाटली ती याच वाक्याची, कारण ते खरं होतं. तो ड्रायव्हर, ती नर्स, ते वॉचमन, सगळे माझ्या फोटोकडे बघून गावाकडच्या प्लॉटसाठी आयुष्याची कमाई देऊन बसले असते. मी नाही म्हणाले.

नाना माझ्याशी वाद घालत बसले नाहीत. हसले, आबांच्या शेजारी जाऊन बसले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आबांच्या हातावर टाकला.

ज्यांनी जनावरांचा बाजार पाहिला नाही त्यांना सांगते. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल हातांवर टॉवेल टाकतो आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. ज्याचा सौदा चाललाय त्या मेंढराला तर नाहीच नाही.

नाना माझ्या नंबराचा भाव माझ्या बापाशी ठरवत होते. मी तिथंच उभी होते, परवाना माझा, फोटो माझा, आणि बोटं दाबली जात होती त्या दोघांची. मला संताप आला. पण त्याहून मोठी धास्ती होती आबांची. नानांची रानं म्हणजे आमचं पोट. सुगी झाली की आबा त्यांच्या आणि त्यांच्या सोयऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायचे. रानाला लेंडीखत, आम्हाला धान्य आणि कळपाला चारा. आबा "हो" म्हणाले असते तर मी त्यांना दोष कुठल्या तोंडानं दिला असता?

आबांनी दुसऱ्या हातानं टॉवेल ओढला आणि नानांच्या मांडीवर टाकला. त्यांची दोन बोटं नानांच्या मुठीत होती. सगळ्या मांडवानं बघितली.

"नाना," आबा म्हणाले, "म्या मेंढरू इकायला आणलं न्हाई. लेक हाय ती. काय बोलायचं त्ये तिच्या तोंडावर बोला."

नाना उठले, "बघू," एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले.

मी आणि आबा चौकात आलो. आबांच्या काठीला बाभळीच्या शेंगा पाडायला विळा बांधलेला असतो. मी ती काठी मागून घेतली आणि बॅनरमधला माझा फोटो नंबरासकट कापून काढला. टपरीवरच्या माणसांनी चहा हातात धरून हे सगळं बघितलं. बॅनरवर नाना तसेच राहिले, एका भोकाला शेजारी घेऊन हात जोडलेले. कापलेला तुकडा मायनं कोकरं झाकून ठेवायच्या डालग्यावर टाकला. पावसाचं पाणी लागत नाही म्हणते.

नाना ओरडले नाहीत, धमकी दिली नाही. त्या वर्षी सुगीनंतर आबांना कुणी रानात बोलावलं नाही, इतकंच. ज्या रानांत त्यांच्या बापानं मेंढरं बसवली होती तिथले मालक समोरून येताना दिसले तर फोनवर बोलायला लागायचे. मी आबांना म्हटलं, कळप विका, पुण्याला या. ते इतके चिडले की दोन दिवस फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा कळलं, ते रेणापूरकडच्या शिवारात होते. कळप घेऊन निघून गेले होते, ओळख ना पाळख.

"माझ्यामुळं गाव सुटलं तुमचं," मी रडत म्हणाले.

"गाव कावून सुटंल? मेंढरं चरायला आलो हाय मी. तू बी कामालाच गेलतीस की."

मी गेल्याला इतकी वर्षं झाली होती, आणि आबा माझ्या जाण्याला काम म्हणाले ते त्या दिवशी पहिल्यांदा. तिकडचे शेतकरी त्यांना विचारतात, लेक काय करते? आबा सांगतात, आणि वर सल्लाही देतात, प्लॉट घ्याल तर आधी नंबर बघा. मी न सांगता सांगतात.

मी रोज लोकांना घरं दाखवते. ऊन कुठून येतं, पाणी किती वेळ येतं, भिंत कुठे ओल धरते, सगळं खरं खरं सांगते. स्वतः अजून भाड्यानं राहते, हसायचं तर हसा. पण मला कुणी विचारलं तुमचं कुठलं, तर माझ्या तोंडून पुण्यातला पत्ता निघत नाही. घाटनांदूर निघतं, आणि ताठ मानेनं निघतं. ते गाव नानांनी मला दिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते काढूनही घेता येत नाही. ज्यांचं तोंड माझ्यामुळं वाकडं झालंय त्यांचंही ते गाव आहे, माझंही आहे. आम्हाला एकमेकांची सवय करून घ्यावी लागेल.

आता सणाला जायचंय. माय फोनवर म्हणाली, "चौकात उतरू नकू बाई. नानाची मानसं बसलेली असतेत. अलीकडं फाट्यावर उतर अन् रानातनं ये." मी म्हटलं, मी चौकातच उतरणार. टपरीवर चहा पिणार आणि मग घरी येणार. माय रागावली, रडली, देवाची शपथ घातली. मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेणापूरकडून फोन आला. मायनं कळवलं असणार. मला वाटलं, आता आबांची बोलणी खायची.

"कोंच्या गाडीनं येतीस त्ये सांग," आबा म्हणाले. "मी चौकात हुबा ऱ्हातो."