गाळलेलं प्रकरण

श्रीवर्धनला हरेश्वर बागायतदारांच्या पडवीत आम्ही बायका सुपारी सोलायला बसायचो. अठ्ठावन्न सालच्या हंगामात त्यांची सून तुळशी आम्हांला पुस्तकं वाचून दाखवू लागली. सातवी शिकलेली, आवाज खणखणीत. सासऱ्यांचीही हरकत नव्हती, कारण पुस्तक चालू असलं की आमची तोंडं बंद आणि हात चालू.

पुस्तकांवर मत द्यायचा मक्ता मात्र गोदूमावशीकडे. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण ऐकायची अशी की लिहिणाऱ्याला धडकी भरावी. एका कादंबरीतली राजकन्या उठल्याबसल्या बेशुद्ध पडायची. मावशी म्हणाली, "हिला कुनी जेवाय घालतं का न्हाय?" हसून हसून आमची मुरकुंडी वळली. एका डॉक्टराने स्वतःची हकिकत लिहिली होती, ती मात्र तिला फार आवडली. "मानूस चुकला तिथं चुकलो म्हनतो. ह्याच्याकडं औषधाला जाईन मी." गोष्ट खरी असो की रचलेली, लबाडी तिला खपायची नाही.

मग आलं आपल्या किनाऱ्याची माहिती सांगणारं एक जाडजूड पुस्तक. त्यात एका वर्षाच्या वादळाबद्दल एकच वाक्य होतं: काही मचवे बुडाले. त्यातल्या एका मचव्यावर मावशीचा एकुलता एक मुलगा दादू होता. आम्ही सगळ्या माना खाली घालून बसलो. दादूचं नाव मावशी कधी काढत नसे, म्हणून आम्हीही काढत नव्हतो.

"येवढंच लिवलंय?" मावशीने विचारलं.

"एवढंच, मावशी," तुळशी म्हणाली आणि पुस्तक मिटून आत गेली. पोर बिचारी कानकोंडी झाली होती.

पुढची कादंबरी दर्यावरच्या माणसांची निघाली. पुस्तक वाचायचं ते पोथीसारखं, ही आमची पडवीतली रीत. तुळशी प्रत्येक प्रकरणाचा आकडा मोठ्याने म्हणायची आणि प्रकरण संपलं की मावशी एक सुपारी कोनाड्यात ठेवायची. त्या दिवशी तुळशीने सवयीने म्हटलं, "प्रकरण नववे."

मावशीने कोनाड्याकडे पाहिलं. "सातच तर हायेत. आठवं कुठं गेलं?"

"पानं फाटलीत."

"दाव बघू."

तुळशीने पुस्तक पुढे केलं. पानं धडधाकट होती. पोरीचे डोळे भरून आले. "त्यात एकीचा मुलगा बुडतो, मावशी. मला नाही वाचवत."

"पोथीतला अध्याय कुनी गाळतं व्हय?"

आमच्यातली सखुबाई मध्ये पडली, "जाऊ दे गं गोदू. कशाला खपली काढायची?"

"खपली माझी हाय ना? मग मी बघंन. वाच तुळशे. आन् आवाज बारीक करू नको."

तुळशीने वाचलं. कादंबरीतली आई बातमी ऐकताच किनाऱ्यावर कोसळली, ऊर बडवू लागली, केस तोडू लागली. तुळशी वाचता वाचता अडखळली तेव्हा मावशीने नुसतं "हं, फुडं" म्हटलं. तिचा हात एकदाही थांबला नाही. मला तिचा राग आला आणि तिच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटलं.

प्रकरण संपलं.

"चुकलाय ह्यो," मावशी म्हणाली. "त्या दिशी रडू येत न्हाय. मला सांगाय मानसं आली, मी म्हनलं बरं. आन् तांदूळ धुतलं. दोघांचं. शिजवलं, दादूचं ताट वाढलं, झाकून ठेवलं. सकाळी भात आंबला, त्यो गाईफुडं टाकाया गेले, तवा गोठ्यात रडले."

सखुबाईने पदर तोंडाला लावला.

"पन लबाड न्हाय ह्यो. ह्याला ठावं न्हाय, पर ह्यो थांबला तरी त्या आईपाशी. त्या जाड्या पुस्तकवाल्यानं तर विचारलंबी न्हाय, कुनाचा कोन गेला."

तिने सुरा खाली ठेवला आणि हात पुसले.

"नववं उद्या. आता पुस्तक मिट तुळशे, आन् तू बस ऐकाय. मधी उठायचं न्हाय कुनी."

दादू पायाळू जन्मला होता, तिथून तिने सांगायला सुरुवात केली.